भिशीतल्या दोन चिठ्ठ्या : एकाच घरातल्या दोन जावांचं प्रकरण

बँकेतून मी २०१० साली निवृत्त झाले. कर्वेनगरमध्ये आमच्या गल्लीच्या टोकाला एका बंगल्याच्या मागच्या खोलीत डब्यांचं स्वयंपाकघर चालायचं. माझा दुपारचा डबा तिथूनच यायचा. एक दिवस डबेवाल्या बाईंनी शंभर पानी वही माझ्यापुढे ठेवली. "काकू, तुम्ही ब्यांकेत होता ना, जरा बगा. पैसं येत्यात, पण ऱ्हात न्हाईत." त्या दिवसापासून त्यांचा हिशेब मी लिहिते. काही महिन्यांनी त्यांची धाकटी जाऊही वही घेऊन आली. तिचा हिशेब उत्पन्नाचा कमी आणि व्याजाचा जास्त होता.

या दोन वह्यांवरून हे प्रकरण लिहिते आहे. दोघींना विचारून लिहिते आहे. नावं दिलेली नाहीत आणि ओळख पटू नये म्हणून एखाद-दुसरा तपशील बदलला आहे. आकडे मात्र वहीतले आहेत. माझ्या आधीच्या वर्षांचे आकडे त्यांनी सांगितले तसे घेतले आहेत.

कष्ट केले की गरिबाघरचं माणूस श्रीमंत होतं का, यावर लोक हिरिरीने बोलतात. बोलणारा बहुतेक वेळा एकाच माणसाचं उदाहरण देतो, कधी वर चढलेल्याचं, कधी तळाशी राहिलेल्याचं. माझ्यासमोर दोन माणसं होती. एकाच घरात नांदायला आलेल्या, एकाच वर्षी पुण्यात आलेल्या, एकाच वस्तीत राहून एकच काम सुरू केलेल्या. दोघींच्या कामाचे तास मी मोजले आहेत. त्यात फरक नाही.

पार्श्वभूमी

मराठवाड्यातल्या एका दुष्काळी तालुक्यात दोघा भावांत मिळून अडीच एकर कोरडवाहू जमीन. २००३ च्या दुष्काळात विहीर आटली, बैल विकले आणि दोन्ही भाऊ बायकामुलांसह पुण्यात आले. वारज्याच्या बाजूला पत्र्याच्या दोन शेजारशेजारच्या खोल्या भाड्याने घेतल्या. भाऊ बिगारी म्हणून बांधकामावर जाऊ लागले. बायकांनी कर्वेनगर-कोथरूडमध्ये पोळ्यांची कामं धरली.

थोरलीला तेव्हा दोन मुलं होती. मुलगी सात वर्षांची, मुलगा चार. धाकटीला अजून मूल नव्हतं. साडेचारला उठायचं, सार्वजनिक नळावर नंबर लावायचा, घरचं आवरून साडेसहाला बाहेर पडायचं, दुपारी एकला परत. पुन्हा चार ते आठ. चालत जायचं, कारण रोजचं पीएमटी बसचं भाडं परवडायचं नाही. चार माणसांच्या घरच्या पोळ्यांचे महिन्याला साडेतीनशे ते चारशे रुपये मिळत. सहा-सात घरं धरली की दोन-अडीच हजार सुटत.

दोघी हुशार, दोघींचा हात चांगला. धाकटीच्या पोळ्या जास्त मऊ व्हायच्या असं थोरली स्वतः सांगते. आळस, व्यसन, उधळपट्टी यांतलं काहीही दोन्ही घरांत नव्हतं. हे मुद्दाम नोंदवते, कारण पुढे धाकटीचं जे झालं ते ऐकल्यावर लोक पहिल्यांदा हेच विचारतात : नवरा प्यायचा का? नाही, तो पीत नव्हता.

भिशी

२००७ च्या जूनमध्ये वस्तीतल्या वीस बायकांनी भिशी सुरू केली. महिन्याला पाचशे रुपये, दर महिन्याला एक चिठ्ठी, जिची निघेल तिला दहा हजार. दोघी जावा भिशीत होत्या.

थोरलीची चिठ्ठी तिसऱ्या महिन्यात निघाली. धाकटीची सतराव्या.

या दोन चिठ्ठ्यांकडे मी पुन्हा पुन्हा येते. बँकेत तीस वर्षं कर्जाचे अर्ज पाहिले. अर्जात माणसाची पत लिहिलेली असते, धडाडी लिहिलेली असते. कुठली रक्कम कुठल्या महिन्यात हातात आली, हे कुणी लिहीत नाही.

थोरलीच्या हातात दहा हजार आले तेव्हा ती एका आजींकडे पोळ्या करत होती. परिसरात मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय, कर्वे शिक्षणसंस्थेची वसतिगृहं, खोल्या घेऊन राहणाऱ्या मुलामुलींची गर्दी. डब्याला मागणी होती. आजी म्हणाल्या, बंगल्यामागची खोली रिकामी आहे, पंधराशे भाडं दे, डिपॉझिट नको.

पहिला निर्णय : घरं धरायची की डबे

थोरलीसमोर तीन वाटा होत्या. आणखी दोन-तीन घरं धरायची. त्यात धोका शून्य आणि महिन्याला हजारभर वाढ नक्की. दुसरी, नवऱ्याला रिक्षाचा बॅज काढून द्यायचा आणि भाड्याची रिक्षा चालवायची. त्याला वाहनाचा सराव नव्हता, म्हणून ती मागे पडली. तिसरी, आजींची खोली.

तिने खोली घेतली, पण घरं सगळी सोडली नाहीत. सकाळची तीन घरं ठेवली. दहा हजारांत एक मोठी शेगडी, दोन पातेली, परात, जुन्या बाजारातून डबे आणि पहिल्या महिन्याचा किराणा आला. सुरुवातीला चौदा डबे, एका वेळचे, सातशे रुपये महिना. म्हणजे नऊ हजार आठशे जमा. किराणा, भाजी, गॅस यांचे पाच हजार नऊशे आणि खोलीचं भाडं जाऊन हातात चोवीसशे उरत. आधी सात घरांतून जवळपास तेवढेच मिळायचे. म्हणजे पहिले आठ महिने तिने दुप्पट घाम गाळला आणि कमाई वाढली ती ठेवलेल्या तीन घरांच्या पैशांएवढीच. ती तीन घरं सोडली असती तर धंदा तिसऱ्या महिन्यातच बंद पडला असता.

या टप्प्यावर तिच्याकडे जे होतं ते मी असं लिहीन : चांगला हात, आठ महिने कमी पैशांत काढण्याची तयारी, दहा हजार रुपये आणि डिपॉझिट न मागणाऱ्या आजी. पहिल्या दोन गोष्टी धाकटीकडेही होत्या.

२०१० मध्ये मी वही हातात घेतली तेव्हा पंचेचाळीस डबे होते, हजार रुपयांचा एक. सगळा खर्च, तीन हजार भाडं आणि एका मदतनीस बाईचे तीन हजार जाऊन दहा हजार उरत. नवऱ्याने बिगारकाम सोडून सायकलवर डबे पोचवायला सुरुवात केली होती. पैसे 'ऱ्हात न्हाईत' याचं कारण दोन संध्याकाळींत सापडलं. किराणा दुकानदाराकडे उधारीवर माल घेतल्याने प्रत्येक वस्तूला दोन-चार रुपये जास्त लागत होते आणि सुट्टीत मुली गावी गेल्या की त्या दिवसांचे पैसे ती स्वतःहून कापून देत होती. आम्ही मार्केट यार्डातून रोखीने महिन्याचा माल आणायचं ठरवलं. पंचवीसशे रुपये वाचायला लागले.

धाकटीची अडचण

सप्टेंबर २००८. धाकटीचा नवरा दुसऱ्या मजल्याच्या परांचीवरून पडला. मांडीचं हाड मोडलं, घोट्याचा चुरा झाला. सोबतच्या मजुरांनी सगळ्यात जवळच्या खासगी दवाखान्यात नेलं. तिथे आधी वीस हजार भरायला सांगितले. ठेकेदाराने पाच हजार दिले आणि त्यानंतर त्याचा फोन लागला नाही. तेव्हा धाकटीचा मुलगा दहा महिन्यांचा होता.

एकूण खर्च अडुसष्ट हजार. तो असा उभा राहिला : ठेकेदाराचे पाच हजार, मंगळसूत्र आणि कानातलं गहाण टाकून पंधरा, थोरलीने दिलेले आठ, वस्तीतल्या सावकाराचे तीस. आणि ऑक्टोबरमध्ये सतराव्या महिन्याची भिशी निघाली, ते दहा.

थोरलीची भिशी शेगडीत गेली, धाकटीची प्लास्टरमध्ये.

सावकाराचा दर दहा टक्के. वस्तीत दहा टक्के म्हणजे महिन्याला दहा टक्के. तीस हजारांवर महिन्याला तीन हजार नुसतं व्याज, मुद्दल जागच्या जागी. तिने घरं वाढवून नऊ केली, दोन ठिकाणी भांडीही धरली. महिन्याला साडेचार हजार यायचे. तीन हजार सावकाराला, आठशे खोलीला. उरलेल्या सातशेत घर चालवायचं. ते चाललं, कारण रोज रात्री थोरलीच्या स्वयंपाकघरातून भाजी-पोळी यायची. नवरा दहा महिन्यांनी काठी घेऊन उभा राहिला आणि एका सोसायटीत रात्रपाळीचा वॉचमन झाला.

डिसेंबर २०१० मध्ये ती माझ्याकडे आली तोवर सव्वीस महिने झाले होते. अठ्ठ्याहत्तर हजार व्याज गेलं होतं आणि तीस हजार मुद्दल तसंच होतं. त्या काळात तिच्याएवढं राबणारी दुसरी बाई मी आमच्या भागात पाहिली नाही. तिच्या तीन कष्टांपैकी दोन सावकाराच्या घरी जात होते.

समोर असलेले पर्याय

आम्ही चौघी बसलो. दोन जावा, बचत गटाची अध्यक्ष आणि मी. पर्याय पुढे आले ते असे.

सावकाराची तक्रार. परवान्याशिवाय सावकारी करणं तेव्हाही बेकायदा होतं. धाकटीने साफ नकार दिला. सावकार त्याच गल्लीत राहत होता आणि उद्या पुन्हा गरज पडली तर दार त्याचंच ठोठावावं लागणार, असं तिचं म्हणणं. मी तेव्हा वाद घातला होता. आज घालणार नाही.

गावच्या जमिनीतला हिस्सा विकायचा. जमीन दोघा भावांच्या नावावर, वाटणी झालेली नाही, शिवाय सासूबाई तिथेच राहत होत्या. तो विषय पाच मिनिटांत मिटला.

ज्या घरांत काम करते तिथून उचल. नऊपैकी चार घरांनी प्रत्येकी दोन हजार द्यायची तयारी दाखवली. पण उचल घेतली की ते घर सोडता येत नाही आणि पगारवाढ मागायला तोंड राहत नाही. धाकटीला हे अनुभवाने माहीत होतं.

थोरलीने सगळे तीस हजार द्यायचे. तिच्याकडे बावीस हजार साठले होते. ती म्हणाली, देते. धाकटी म्हणाली, "तिचं बी बुडंल आन माजं बी. एकीचं तरी तरू द्या."

शेवटी गटातून कर्ज काढलं. दर महिना दोन टक्के, वीस हप्ते. महिन्याला पंधराशे मुद्दल आणि उतरतं व्याज. वीस महिन्यांत एकूण व्याज झालं सहा हजार तीनशे. तेच कर्ज, तीच बाई, तेच कष्ट. एका दारात अठ्ठ्याहत्तर हजार देऊन काहीच फिटलं नाही, दुसऱ्या दारात सहा हजार तीनशेंत सगळं फिटलं. गट २००६ पासून त्याच वस्तीत होता. धाकटी त्यात नव्हती, कारण बैठक दुपारी दोनला असायची आणि तेव्हा ती दुसऱ्या वस्तीत भांडी घासत असायची.

दुसरा निर्णय : मुलीची अकरावी

आता पुन्हा थोरलीकडे येते. जे घर वर चढलं ते कुणाच्या खांद्यावरून चढलं, हा प्रश्न इथे येतो.

२०१२ साली तिची मुलगी दहावी झाली, एकाहत्तर टक्के. शाळा सांभाळून ती आधीच पहाटे पाचला कणीक मळायला बसायची. डबे साठाच्या पुढे गेले होते, मदतनीस बाई अचानक गावी निघून गेली होती आणि नवी बाई पाच हजार मागत होती. अकरावी वाणिज्यला प्रवेश मिळत होता. घरात चर्चा झाली ती एका रात्रीची. एक वर्ष थांब, मग घालू, असं ठरलं.

मला विचारलं होतं. मी म्हणाले, एक वर्षाने काही बिघडत नाही.

मी हे बोलायला नको होतं. एक वर्षाचं दुसरं झालं, मग तिसरं. २०१५ मध्ये मुलगा दहावी झाला तेव्हा त्याला यंत्र अभियांत्रिकीच्या पदविकेला घालायला कुणालाही दोनदा विचार करावा लागला नाही. फीचे पैसे तयार होते. ते पैसे तयार का होते, हे मला फार उशिरा कळलं. २०१६ अखेर थोरलीकडे तीन लाख दहा हजार शिल्लक होती. मुलगी २०१२ ते २०१६ अशी चार वर्षं पूर्णवेळ राबली. तिच्या जागी बाई ठेवली असती तर महिन्याला पाच हजार, चार वर्षांचे दोन लाख चाळीस हजार गेले असते. म्हणजे शिलकीतल्या दर चार रुपयांपैकी तीन रुपये त्या मुलीच्या न दिलेल्या पगाराचे होते.

स्त्रीशिक्षणासाठी धोंडो केशव कर्व्यांनी हिंगण्याच्या माळावर झोपडी बांधली ती १९०० साली. तो माळ म्हणजे आजचं कर्वेनगर. त्या संस्थेच्या वसतिगृहातल्या मुलींचे डबे भरताना या मुलीची अकरावी सुटली.

तिसरा निर्णय : कागद आणि छप्पर

२०१४ मध्ये मी थोरलीच्या मागे लागले की आयकर विवरणपत्र भर. अन्नपदार्थांच्या व्यवसायाची नोंदणीही तेव्हाच करून घेतली. लहान व्यवसायाला तेव्हा वर्षाला शंभर रुपयांत ती व्हायची. नवरा घाबरला. "कर लागंल, नोटीस येईल." त्या वर्षी निव्वळ उत्पन्न दोन लाख चाळीस हजार होतं आणि करमुक्त मर्यादा अडीच लाख. कर शून्य. फक्त कागद तयार झाला.

२०१७ मध्ये घराचा विषय निघाला. एक दलाल शिवण्याच्या बाजूला अर्धा गुंठा दाखवत होता, साडेचार लाखांत. सातबाऱ्यावर नाव लागणार नाही, व्यवहार नोटरीवर. वस्तीतल्या बऱ्याच जणांनी तसे तुकडे घेतले होते आणि वर दोन मजले चढवून भाडंही खात होते. दुसरा पर्याय धायरीत एक खोली-स्वयंपाकघराचा जुना फ्लॅट, तेरा लाख, रीतसर खरेदीखत. तिसरा, काहीच न घेता ते पैसे धंद्यात घालून दुसरी खोली उघडायची.

मी फ्लॅटच्या बाजूने होते. अर्ध्या गुंठ्यात नफा जास्त होता हे आज मान्य करते. पण पाडापाडीची नोटीस आली तर थोरलीकडे दुसरं काहीच नव्हतं. तीन वर्षांची विवरणपत्रं असल्याने बँकेने नऊ लाखांचं कर्ज पंधरा वर्षांसाठी ८.६ टक्क्यांनी दिलं. हप्ता सुमारे आठ हजार नऊशे. मुद्रांक शुल्कासह लागणाऱ्या बाकी रकमेपैकी तीन लाख नव्वद हजार साठलेले होते. उरलेले लाखभर सोनं गहाण टाकून उभे केले. घर बाईच्या नावावर घेतल्याने प्रधानमंत्री आवास योजनेच्या व्याज अनुदानाची अट पूर्ण झाली. त्या योजनेत कमाल दोन लाख सदुसष्ट हजारांपर्यंत अनुदान थेट कर्जखात्यात जमा व्हायचं. ते जमा झाल्यावर हप्ता उतरला.

धाकटीला असं कर्ज मिळणं शक्यच नव्हतं. नऊ घरांतून रोख पैसे मिळतात, त्याची चिठ्ठीसुद्धा कुणी देत नाही. मी दोन घरांना विचारलं होतं, पगार बँकेत भरता का म्हणून. एकाने हो म्हटलं. दुसऱ्यांना वाटलं, उद्या बोनस आणि रजा मागेल.

२०२०

मार्च २०२० च्या टाळेबंदीत थोरलीचे नव्वद डबे आठवड्यात चारवर आले. मुली घरी गेल्या. धाकटीच्या सात घरांपैकी पाचांनी येऊ नको म्हणून सांगितलं. सोसायट्यांनी मोलकरणींना फाटकातच अडवलं होतं. दोन घरांनी मात्र चारही महिन्यांचा पूर्ण पगार घरी पोचवला. ती दोन घरं कुठली हे धाकटी आजही नाव घेऊन सांगते.

दोघींचं काम एकाच दिवशी बंद पडलं, पण पडणं सारखं नव्हतं. थोरलीकडे चार महिन्यांची शिल्लक होती आणि रिझर्व्ह बँकेने दिलेल्या हप्ता-स्थगितीतले तीन महिने तिने घेतले. ऑगस्टपासून घरीच विलगीकरणात असलेल्या रुग्णांचे डबे सुरू झाले आणि दिवाळीपर्यंत ती सावरली. धाकटीची शिल्लक सात आठवड्यांत संपली. या वेळी ती सावकाराकडे गेली नाही, गटाकडे गेली. पंधरा हजार घेतले, २०२२ मध्ये फेडले.

२०२१ : आजींचा बंगला

हा भाग सांगितल्याशिवाय श्रीमंतीबद्दल काहीच सांगून होत नाही.

आजी गेल्या आणि मुलांनी बंगला पुनर्विकासाला दिला. चार गुंठ्यांचा प्लॉट आजींच्या यजमानांनी सत्तरच्या दशकात नोकरीच्या पगारातून, पोटाला चिमटा काढून घेतलेला. माणसं साधी, सचोटीची. त्यांनी कुणाचं काही लुबाडलं नाही. पुनर्विकासात कुटुंबाला दोन मोठे फ्लॅट मिळाले. त्यातल्या एकाची किंमत थोरलीच्या चौदा वर्षांच्या निव्वळ कमाईच्या दुपटीहून जास्त होती. त्या चौदा वर्षांत जमिनीने काही केलं नव्हतं, ती तिथे होती इतकंच.

थोरलीला दोन महिन्यांत खोली सोडावी लागली. त्याच भागात गाळ्याचं भाडं अठरा हजार आणि डिपॉझिट लाखभर. ती एका आतल्या गल्लीत गेली, चौदा हजार भाडं, सत्तर हजार डिपॉझिट. आजींची खोली शेवटी सहा हजारांना होती. महिन्याला आठ हजारांचा फरक. इतकी वर्षं थोरलीच्या नफ्यातला मोठा वाटा म्हणजे आजींनी बाजारभावाने न घेतलेलं भाडं होतं. ती खोली गेल्यावर वहीत हे स्वच्छ दिसलं.

पुण्यात याच काळात गरिबीतून थेट श्रीमंतीत गेलेली शेतकरी घरं मी पाहिली आहेत. हिंजवडी, बाणेर, वाघोली. जिरायत जमीन होती, तिच्या शेजारून रस्ता गेला. हडपसरजवळ मगर कुटुंबीयांनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी चारशेहून अधिक एकर एकत्र करून, जमीन न विकता स्वतःच भागधारक होऊन मगरपट्टा वसवला. त्यामागे एकजुटीचे मोठे कष्ट आहेत, ते मी कमी लेखत नाही. पण कष्टांखाली जमीन होती. या दोघी जावांची अडीच एकर होती तिथे रस्ता गेला नाही.

परिणाम

२०२४ मधली स्थिती सांगते. थोरलीचं पोळी-भाजी केंद्र आहे, तीन बायका कामाला. खर्च जाऊन महिन्याला बेचाळीस ते पंचेचाळीस हजार उरतात. मुलगा चाकणला कंत्राटी आहे, अठ्ठावीस हजार पगार. धायरीचा फ्लॅट आहे. याला मी श्रीमंती म्हणणार नाही. एक मोठं आजारपण पेलेल, दोन नाही. पण आज ती दुकानात साखर घेताना भाव विचारत नाही, आणि मला विचाराल तर हे फार मोठं अंतर आहे.

धाकटीकडे सात घरं, महिन्याला पंधरा हजार. नवरा वॉचमन, अकरा हजार. खोलीचं भाडं साडेपाच हजार. कर्ज नाही. मुलगा आयटीआयला इलेक्ट्रिशियनचं शिकतो आहे. ती रोज तेरा तास काम करते. थोरलीही तेरा तास काम करते.

आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने २०१८ मध्ये एक अंदाज मांडला होता : भारतात तळाच्या दहा टक्क्यांतल्या कुटुंबाला सरासरी उत्पन्नापर्यंत पोचायला सात पिढ्या लागतात, डेन्मार्कमध्ये दोन. मी तो आकडा दोघींना सांगितला. थोरली गप्प झाली. धाकटी म्हणाली, "काकू, माजी ही कितवी?"

काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी चूक अपघातानंतरची आहे आणि त्यात माझाही वाटा आहे. कामावर मजूर जखमी झाला तर नुकसानभरपाई देणारा १९२३ चा कायदा तेव्हा लागू होता. ठेकेदार पळाला तरी ज्याच्या धंद्यासाठी काम चालू होतं त्या मूळ मालकाकडून भरपाई मागता यायची. दावा साधारणपणे दोन वर्षांत करायचा असे, पण सबळ कारण असेल तर उशीर माफ होऊ शकत होता. धाकटी माझ्याकडे आली तेव्हा दोन वर्षं उलटून तीन महिने झाले होते. मी व्याजाचा दर बघितला, अपघाताचे कागद मागितले नाहीत. मला कर्ज कळत होतं, कामगार कायदा कळत नव्हता, आणि कळणाऱ्या कुणाकडे तिला नेण्याचं मला सुचलं नाही. हमाल, कचरावेचक, मोलकरणी यांच्या जुन्या संघटना याच शहरात आहेत. एक फोन पुरला असता.

दुसरं, पहिल्या दिवशी खासगी दवाखान्याऐवजी ससून या सरकारी रुग्णालयात नेलं असतं तर सावकाराचे तीस हजार बहुधा लागलेच नसते. पण रक्त वाहत असताना सोबतचे मजूर जवळचं दार बघणार, त्यांना दोष देता येत नाही. सरकारी विमा योजना सगळ्या राज्यात लागू झाली ती २०१३ मध्ये, म्हणजे पाच वर्षांनी. आज असं झालं तर ज्या रुग्णालयात महात्मा फुले योजना (त्याच विमा योजनेचं आजचं नाव) चालते तिथेच न्यायला हवं. वस्तीतल्या भिशीच्या वहीत पहिल्या पानावर आता जवळच्या तीन रुग्णालयांची नावं लिहून ठेवली आहेत.

तिसरं, गटाच्या बैठकीची वेळ. ती रात्री नवाला केल्यावर दोन वर्षांत अकरा कामकरी बायका गटात आल्या. इतका साधा बदल करायला आम्हाला २०११ उजाडलं.

भिशीचा नियमही बदलला. पहिल्या पाच महिन्यांच्या चिठ्ठ्या आता टाकत नाहीत. कुणाला काय नड आहे ते बैठकीत सांगायचं, बायका मिळून ठरवतात. यात भांडणं होतात. गेल्या वर्षी दोघी उठून गेल्या. तरी चिठ्ठीपेक्षा हे बरं, असं बहुतेकींचं मत आहे.

मुलीचं राहिलं. तिने लग्नानंतर सतरा नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा, फॉर्म भरून २०२३ मध्ये बारावी केली. त्या निकालानंतर मी जुन्या वह्या काढून ती दोन लाख चाळीस हजारांची बेरीज थोरलीसमोर ठेवली. तिने आकडा दोनदा वाचायला लावला. नंतर आठ-दहा दिवस माझ्याशी नीट बोलली नाही. एप्रिल २०२४ पासून मात्र ती मुलीच्या खात्यात दर महिन्याला पाच हजार भरते. अठ्ठेचाळीस हप्ते होतील, मार्च २०२८ पर्यंत. वहीत त्यासाठी वेगळं पान केलं आहे आणि वर 'पगार बाकी' असं तिने स्वतःच्या अक्षरात लिहिलं आहे. सप्टेंबर २०२४ पर्यंत सहा हप्ते गेले.